इतिवृत्तातल्या हमिदाबाई

हमिदाबाईंविषयी लिहायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. टाळणं मला चांगलं जमतं. आयुष्यभर मी त्याला संयम म्हणत आलो. संस्थेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्मरणिकेसाठी माझ्याकडून लेख मागवला होता. मी अकरा पानं लिहून दिली. त्यात नळजोडणी कशी मिळाली यावर दीड पान होतं, उद्घाटनाला कोण कोण आलं त्यांची पदांसह नावं होती, आणि ज्या बाईने ते घर चालवलं तिच्यावर एक ओळसुद्धा नव्हती. लेख वाचून पुष्कळांनी माझ्या स्मरणशक्तीचं कौतुक केलं. मी मान लववून ते स्वीकारलं.

आता माझी ऐंशी उलटली आहे. त्या समितीतले बाकीचे एकेक करून गेले. मी उरलो आहे, आणि माझ्यामागे संस्थेच्या कपाटात माझ्या वळणदार अक्षरातली सभांच्या इतिवृत्ताची वही उरणार आहे. त्या वहीत हमिदाबाईंबद्दल जे लिहिलं आहे ते खोटं आहे. ते मी लिहिलं आहे.

आमची संस्था म्हणजे नारायण पेठेतले सात निवृत्त गृहस्थ; मी त्यांचा सचिव. गोष्ट नव्वदीच्या अखेरची. शहर पश्चिमेकडे धावत सुटलं होतं. हिंजवडीत उसाच्या जागी काचेच्या इमारती उगवत होत्या. प्रत्येकाचा मुलगा, पुतण्या नाहीतर भाचा संगणकावर काहीतरी करत होता आणि नक्की काय करतो ते घरात कोणालाच सांगता येत नव्हतं. या नव्या मंडळींसाठी जागा करताना जुनी भाडेकरू माणसं पत्र्याच्या खोल्यांतून बाहेर पडत होती. कुठे रस्ता रुंद होत होता, कुठे कारखाना बंद पडून कामगारांच्या खोल्या जात होत्या. आम्हा सातजणांना जेवल्यावर समाजाची काळजी वाटायची. त्या काळजीतून वारज्याचं घर उभं राहिलं. एका सभासदाच्या जुन्या गोदामात विटांच्या भिंती घालून अकरा खोल्या केल्या होत्या. छप्पर गेलेल्या कुटुंबाने इथे सहा महिने राहायचं, तेवढ्यात नवी खोली शोधायची, मुलांच्या शाळा आणि रेशनकार्ड मार्गी लावायचं, आणि निघायचं. बोर्डावर मी 'संक्रमण कुटुंब-निवास' असं नाव लिहवून घेतलं. हमिदाबाईंनी तो बोर्ड पहिल्यांदा वाचला तेव्हा म्हणाल्या, "रिक्षावाल्याला हे सांगेपर्यंत माणूस दुसरीकडे घर शोधेल." त्या त्याला 'वारज्याचं घर' म्हणायच्या. मग सगळेच तसं म्हणू लागले. बोर्ड मात्र माझा राहिला.

त्यांची माझी पहिली भेट मुलाखतीत झाली. व्यवस्थापिका हवी होती. समाजकार्याच्या पदव्या घेतलेल्या चारपाच मुली येऊन गेल्या. सगळ्यात शेवटी आल्या हमिदा तांबोळी. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती साडी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. नवरा लवकर गेला होता. वीसेक वर्षं एस.टी. स्थानकाजवळच्या एका सामानघरात त्या काउंटरवर होत्या; प्रवाशांच्या पेट्या-वळकट्या ठेवून घ्यायच्या आणि पावती बघून परत द्यायच्या. आमचे अध्यक्ष अण्णासाहेब कौतुकाने म्हणाले, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!"

"तुम्हीही," हमिदाबाई म्हणाल्या.

अण्णासाहेबांना ते समजायला थोडा वेळ लागला. त्यांच्या घराण्याला पुण्यात येऊन तीन पिढ्या झाल्या होत्या, हमिदाबाईंच्या घराण्याला सहा. तो हिशोब मात्र त्या खोलीत कोणी मांडला नाही. मीच मध्ये पडलो आणि विचारलं, या कामाचा काही अनुभव आहे का? त्या म्हणाल्या, "लोकांचं सामान सांभाळलंय. घर गेलेल्या माणसाकडे दुसरं असतं काय?" त्यांना घेतलं ते या उत्तरामुळे, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत असे. खरं म्हणजे पदवीवाल्या मुलींना जो पगार हवा होता तो आम्हाला द्यायचा नव्हता.

नवं कुटुंब आलं की हमिदाबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघायच्याच नाहीत. टेम्पोतून सामान उतरत असायचं, त्याच्याकडे बघत उभ्या राहायच्या. मला प्रथम तो उद्धटपणा वाटला. एकदा मी तसं म्हटलं. "तोंडाकडे काय बघायचं, सचिव? रडून रडून सगळ्यांची तोंडं सारखीच झालेली असतात," त्या म्हणाल्या. "सामान खरं बोलतं. कुकर आणला असेल तर बाई अजून उभी आहे. देव आणले आणि कुकर राहिला, म्हणजे घाईत काढलंय, मागे भांडण झालंय. टीव्ही आणलाय आणि दप्तर नाही, तर बाप्याशी दोन शब्द बोलावे लागतील." त्या मला नेहमी 'सचिव' म्हणायच्या. त्या शब्दात आदर किती आणि चेष्टा किती, याचा अंदाज मला कधीच आला नाही.

सामान आत गेलं की त्या एक नवं कुलूप त्या घरच्या बाईच्या हातात द्यायच्या. कुलपाच्या दोन्ही किल्ल्यांसकट. चहा त्यानंतर. कार्यालयात एक किल्ली ठेवावी असं समितीने तीनदा ठरवलं, आणि मी ते तीनदा सुवाच्य अक्षरात लिहिलं. हमिदाबाईंनी तीनदा मान डोलावली आणि दोन्ही किल्ल्या देतच राहिल्या. "ज्याच्या खोलीची एक किल्ली दुसऱ्याकडे, तो पाहुणा," त्या म्हणायच्या. "पाहुणा घर शोधत नाही. तो जेवणाची वाट बघतो."

आणि तिसरी गोष्ट पोस्टकार्डाची. कुटुंब आलं त्याच संध्याकाळी त्या वारज्याच्या टपालपेटीत एक कार्ड टाकायच्या. पत्त्यावर त्या घरातल्या मोठ्या माणसाचं नाव, खोलीचा नंबर, वारजे, पुणे. कोपऱ्यात न चुकता स्वतःचा पत्ता. मजकूर एकच असायचा: 'पोहोचलात. बरं झालं.' दोन-तीन दिवसांनी पोस्टमन येऊन अंगणात नाव पुकारायचा. मी स्वतः पाहिलं आहे, एक गवंडी ते कार्ड हातात धरून उभा होता, त्याला वाचता येत नव्हतं, आणि तरी तो ते उलटसुलट करून बघत होता. आमचे सभासद याला भाबडेपणा म्हणत. पुढे शाळेत आणि रेशनच्या खिडकीवर पत्त्याचा पुरावा मागू लागले की हमिदाबाई म्हणायच्या, "अहो, पोस्टमनला सापडतो हा माणूस. तुम्हालाच कसा सापडत नाही?"

आम्ही सातजण कागदोपत्री त्या माणसांना 'लाभार्थी' म्हणत होतो. हमिदाबाई 'बिऱ्हाड' म्हणायच्या. चौथं बिऱ्हाड, नववं बिऱ्हाड. आमच्या सभासदांच्या घरून दिवाळीआधी कपड्यांची गाठोडी यायची. एकदा अण्णासाहेबांच्या सौभाग्यवतींनी पाठवलेलं गाठोडं हमिदाबाईंनी जसंच्या तसं परत पाठवलं. वर चिठ्ठी होती: 'यांची बटणं लावून पाठवावीत. आमच्याकडच्या बायकांना कामं असतात.' त्या गाठोड्यात एक जरीची टोपी आणि एका पायाचा बूटही होता, हे मी इतिवृत्तात घेतलं नाही. 'वस्त्रदानाबाबत चर्चा झाली' एवढंच लिहिलं. माझं सगळं लिखाण असंच होतं. हमिदाबाई एकदा माझी वही चाळत म्हणाल्या, "सचिव, तुमचं अक्षर इतकं सुंदर आहे, की लिहिलेलं खरंच असणार असं वाटतं." मी ती स्तुती समजलो.

खोली शोधायला त्या बिऱ्हाडाबरोबर स्वतः जायच्या. एकदा मीही गेलो होतो, कारण आदल्या सभेत 'सचिवांनी प्रत्यक्ष पाहणी करावी' असं ठरलं होतं. वारज्याच्या पुढे एका घरमालकाने अंगणातूनच हात हलवला. "फॅमिलीला नाय देत आमी. कंपनीतली पोरं ठिवतो. चार पोरं, चार भाडी. फॅमिलीचं लई झंझट हाय."

"तुमची आई भाड्याने राहायची का हो कधी?" हमिदाबाईंनी विचारलं.

"राहायची की, सुरवातीला."

"मग तिच्या मालकाने झंझट चालवून घेतलं म्हणून तुम्ही आज अंगणात उभे आहात."

खोली मिळाली नाही. पण परत येताना ते बिऱ्हाड, नवरा-बायको दोघंही, इतकं हसत होतं की मला आश्चर्य वाटलं. बेघर माणसं हसतात हे आमच्या वार्षिक अहवालात कुठेच नव्हतं.

आता इंगळ्यांकडे यायला हवं. इथवर मी हात राखून लिहीत आलो, हे वाचणाऱ्यालाही जाणवलं असेल.

प्रल्हाद इंगळे वाशीमकडचा. हिंजवडीत गावातल्या एका जागामालकाच्या पत्र्याच्या खोलीत बायको आणि दोन मुलींसह सात वर्षं राहिला. मालकाने खोल्या पाडून तिथे संगणकवाल्या पोरांसाठी वसतिगृह बांधायला काढलं, आणि बांधकामावर राखणदार म्हणून ठेवलं ते प्रल्हादलाच. एकट्याला. ज्या जागेवरून त्याचा संसार उठवला, त्याच जागेची त्याने राखण करायची. त्याची बायको आणि मुली जुलैमध्ये आमच्याकडे आल्या. रविवारी तो त्यांना भेटायला यायचा, तेव्हा मी त्याला दोन-तीनदा पाहिलं होतं. हमिदाबाईंनी सामान बघितलं आणि मला म्हणाल्या, "कुकर आहे, शिलाई मशीन आहे, आणि पुस्तकांची पेटी सगळ्यात वर ठेवलीय, भिजू नये म्हणून. या लोकांना सहा महिनेसुद्धा लागणार नाहीत."

त्यांचा हा अंदाज चुकला. मोठी मुलगी ज्योती दहावीला होती. जानेवारीत मुदत संपली तेव्हा इंगळ्यांना एक खोली मिळत होती, पण ती मुळशीकडे, तीन बस बदलून. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. केंद्र वारज्याच्या शाळेजवळ. हमिदाबाई नारायण पेठेत माझ्या घरी आल्या. मी गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होतो. त्या बसल्या नाहीत.

"मार्च अखेरपर्यंत ठेवते इंगळ्यांना. पोरीची परीक्षा होऊ दे. समितीची परवानगी लागेल."

"ठेवा," मी म्हणालो. "मी बघतो."

"लिहून देता?"

मला राग आला. अडतीस वर्षं मी कागद हाताळले होते, आणि ही बाई माझ्याकडून कागद मागत होती. "माझा शब्द पुरत नाही का, हमिदाबाई?"

"पुरतो हो. विचारलं आपलं. आमच्या सामानघरात पावतीशिवाय पिशवी परत मिळत नसे, ती सवय." एवढं बोलून त्या गेल्या. जानेवारीच्या सभेत मी हा विषय काढायला विसरलो. विसरलो म्हणतो तेही पूर्ण खरं नाही. त्या दिवशी अण्णासाहेबांचा मूड बरा नव्हता, आणि सभा लवकर संपली तर बरं असं सगळ्यांना वाटत होतं. पुढच्या वेळी काढू म्हटलं.

पुढची सभा फेब्रुवारीत, वारज्याच्या घरातच ठेवली होती, कारण हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने आमच्या घराला मदत द्यायचं मनात आणलं होतं. कंपनीकडून एक तरुण बाई आल्या. चुणचुणीत, हसतमुख, हातात लॅपटॉप. अण्णासाहेबांनी नवा विटकरी कोट घातला होता. आम्ही सगळे त्या मुलीच्या मागून अशा अदबीने चालत होतो की लग्नात व्याह्यांमागेही चाललो नसू. सातव्या खोलीशी त्या थांबल्या. "ही आतून बघता येईल? एक फॅमिली फोटोही घेऊ."

खोलीला कुलूप होतं. इंगळेबाई कामावर, मुली शाळेत.

"किल्ली द्या," अण्णासाहेब म्हणाले.

"किल्ली त्यांच्याकडे आहे," हमिदाबाई म्हणाल्या.

"दुसरी?"

"तीही त्यांच्याकडे. संध्याकाळी या, इंगळेबाई दार उघडतील. चहाही चांगला करतात."

कंपनीच्या बाई हसल्या, त्यांना बहुधा ते आवडलं. पण अण्णासाहेबांचा चेहरा त्यांच्या कोटाच्या रंगाचा झाला. आम्ही कार्यालयात येऊन बसलो. त्या मुलीने रजिस्टर मागितलं, बोट फिरवत खाली आली आणि सातव्या खोलीशी थांबली. "सर, हे जुलैपासून आहेत. हा आठवा मन्थ झाला. तुमचं मॉडेल तर सिक्स मन्थ्सचं आहे ना? म्हणजे प्रॉब्लेम असा नाही, पण मला रिपोर्टमध्ये एक्स्प्लेन करावं लागेल. कोणी अप्रूव्ह केलं असेल तर तसं लिहिते."

एवढंच हवं होतं तिला. एक नाव. ती मुलगी वाईट नव्हती. तिला रकाना भरायचा होता.

"परवानगी कोणी दिली?" अण्णासाहेबांनी विचारलं.

हमिदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माणूस सामानघराच्या खिडकीशी उभा राहून पावती शोधत असतो, तेव्हा काउंटरवरचं माणूस थांबतं, तशा थांबल्या. मी चष्मा काढला. रुमाल काढला. काचा पुसल्या. मग म्हणालो, "माझ्या आठवणीत तरी असं काही नाही."

मी हे वाक्य पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. फार सफाईदार वाक्य आहे. त्यात 'मी परवानगी दिली नाही' असं कुठेही म्हटलेलं नाही.

"सचिवांच्या आठवणीत नाही म्हणजे नसणार," हमिदाबाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांचं सगळं लिहिलेलं असतं."

मी तसं का म्हणालो याचं एक कारण मी कित्येक वर्षं मनाशी बाळगून होतो. माझा मुलगा त्याच कंपनीत नुकताच लागला होता. पण त्या मुलीला ते ठाऊक नव्हतं, अण्णासाहेबांनी त्याचा उच्चार केला नव्हता, आणि माझ्या 'हो' म्हणण्याने मुलाचं काही बिघडलं नसतं. मुलाला मी ढाल म्हणून वापरलं, तेही मागाहून. खरं कारण याहून क्षुद्र आहे. पाहुण्यांसमोर, नव्या कोटातल्या अध्यक्षांसमोर, मला अवघडायचं नव्हतं. दोन मिनिटांचं अवघडलेपण टाळायला मी एका बाईचं काम घालवलं. आमच्याकडे याला सभ्यपणा म्हणतात.

इतिवृत्त मी त्याच दुपारी लिहिलं. 'व्यवस्थापिका श्रीमती हमिदा तांबोळी यांनी समितीच्या पूर्वपरवानगीविना एका लाभार्थी कुटुंबास मुदतीपलीकडे ठेवल्याचे, तसेच खोल्यांच्या किल्ल्यांबाबत समितीच्या ठरावांचे पालन न केल्याचे निदर्शनास आले. सबब त्यांना सेवेतून मुक्त करण्यात यावे, असे सर्वानुमते ठरले.' सर्वानुमते खरं होतं. एका सभासदाने खाजगीत "जरा घाई होतेय का?" असं विचारलं आणि लगेच दुसऱ्या बाकरवडीला हात घातला. दुसरा एकजण म्हणाला, "नाहीतरी या लोकांचं..." आणि वाक्य पुरं केलं नाही. आमच्या पेठेत अशी वाक्यं पुरी करावी लागत नाहीत.

सुधारायची संधी मला मिळाली नाही असं म्हणायची सोय नाही. ज्यांनी कधी संस्थेचं काम केलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: प्रत्येक सभेच्या सुरुवातीला मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्याने वाचतात. मग अध्यक्ष विचारतात, "काही दुरुस्ती?" कोणाला चूक दिसली तर तिथल्या तिथे सांगायची. कोणी काही बोललं नाही की अध्यक्ष "कायम" म्हणतात आणि सही करतात. त्यानंतर लिहिलेलं तेच घडलेलं असतं. मार्चच्या सभेत ते इतिवृत्त मी वाचलं. माझ्या आवाजात. अण्णासाहेब म्हणाले, "काही दुरुस्ती?" पंखा फिरत होता. खालून रद्दीवाला ओरडत गेला. मी वहीवरून मान वर केली नाही. "कायम," अण्णासाहेब म्हणाले.

तोवर इंगळ्यांना आठवड्याची नोटीस जाऊन ते बाहेरही पडले होते. नव्या व्यवस्थापकाने पहिल्याच दिवशी सगळ्या कुलपांच्या किल्ल्या करून एका फळीवर नंबरवार टांगल्या. फळी फार व्यवस्थित होती, मीच तिचं कौतुक केलं. कंपनीची मदत काही आली नाही. त्यांना शाळा रंगवणं जास्त सोयीचं वाटलं.

इंगळ्यांचं काय झालं ते मला पुढे कळलं. हमिदाबाई महामार्गाच्या पलीकडे, वारज्यातच दहा बाय बाराच्या एका खोलीत राहायच्या. नोकरी गेल्यावर त्या रिकाम्या हाताने घरी गेल्या, आणि आठवड्याने इंगळेबाई आणि दोन्ही मुली, कुकर, शिलाई मशीन आणि पुस्तकांची पेटी त्यांच्या खोलीत आली. ज्योती तिथून परीक्षेला गेली. हमिदाबाईंनी त्यांना दोन्ही किल्ल्या दिल्या आणि स्वतः बाहेर जाताना इंगळेबाईंना विचारून जायच्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच्याच पत्त्यावर, इंगळ्यांच्या नावाने कार्ड टाकलं: पोहोचलात. बरं झालं.

मध्ये बरीच वर्षं गेली. एकदा डेक्कनच्या बसथांब्यावर त्या भेटल्या. केस पांढरे झाले होते. "काय सचिव, लिहिताय ना?" म्हणाल्या. माझ्या बायकोची चौकशी केली. ती वारली होती. ऐकून खरोखर हळहळल्या. मला वाटलं, आता बोलावं. मी वाहतुकीवर बोललो. पूर्वी इथून मंडईपर्यंत कसं दहा मिनिटांत जाता यायचं ते सविस्तर सांगितलं. त्यांची बस आली. खिडकीतून त्यांनी हात केला आणि मला हायसं वाटलं. किती नीच असतं हे हायसं वाटणं.

मग आमच्या इमारतीचा पुनर्विकास निघाला. बिल्डरने सांगितलं, तीन वर्षं दुसरीकडे राहा, नवा फ्लॅट देतो. मुलगा परदेशातून फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही फक्त साइन करा, बाकी मी मॅनेज करतो." त्याने ऑनलाइन भाड्याची जागा बघितली. ती वारज्यात निघाली. पंचाहत्तरी ओलांडलेला मी टेम्पोमागून रिक्षाने गेलो. गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनने सामान उतरवायला मदत केली. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कपाट घासू नये यावर माझं लक्ष होतं.

तिसऱ्या दिवशी लेटरबॉक्समध्ये पोस्टकार्ड होतं. माझं नाव, इमारतीचं नाव, फ्लॅटचा नंबर, वारजे. कोपऱ्यात त्यांचा पत्ता. मजकूर: 'पोहोचलात. बरं झालं.'

मी ते घेऊन जिन्यातच बसलो.

उत्तर लिहायलाच हवं होतं. टपाल कचेरीत जाऊन कार्ड आणलं. पत्ता लिहिला, सावकाश, सुंदर अक्षरात. डावी बाजू कोरी राहिली. पहिल्या आठवड्यात वाटलं, अशी गोष्ट कार्डावर लिहू नये, समक्ष जावं. त्यांची खोली माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, इतक्या वर्षांनी जाऊन त्यांना त्रास का द्यावा. मग थंडी पडली. मग माझा गुडघा दुखू लागला. चार महिने मी रोज संध्याकाळी त्याच गुडघ्याने बागेला दोन फेऱ्या मारत होतो.

एका सकाळी गेटवरचा वॉचमन गणवेशात नव्हता. धुतलेला सदरा घातला होता. "आज सुट्टी का?" मी विचारलं. सहज, काहीतरी बोलायचं म्हणून.

"मातीले चाललो, साहेब."

"कोणाच्या?"

"बाईच्या."

"कोण बाई?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाले कार्ड नव्हतं का आलं?"

तेव्हा मी चार महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा बघितला. प्रल्हाद इंगळे.

"तुमी वळखलं नाई," तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही. हवा गार आहे असं सांगावं तसं. "म्या तुमाले पैल्याच दिवशी वळखलं. बाईले जाऊन सांगतलं, सचिव आले आपल्या बिल्डिंगीत रायाले. त्यायनं इचारलं, सामान काय काय आणलं? कुकर होता का?"

"मग?"

"म्या म्हणलं, होता जी. त म्हणे, मंग ठीक हाये, राहतीन."

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणायच्या का कधी?"

प्रल्हाद विचारात पडला. "आमची ज्योती एकदा लय बोलली तुमाले. आता दवाखान्यात नर्स हाये थे, तोंड तिखट हाये तिचं. त बाई तिले म्हणे, जाऊ दे, अक्षर लय चांगलं होतं त्याचं." तो चप्पल घालून उभा राहिला. "येता का, साहेब? ज्योती रिक्षा घेऊन येऊन रायली. जागा हाये."

मी म्हणालो, "मला जरा बरं वाटत नाही."

त्याने मान हलवली. रिक्षा आली, तो बसला, गेला. मी गेटपाशी उभा राहिलो. त्याच्या रिकाम्या खुर्चीवर बसायचाही मला धीर झाला नाही.

वारज्याच्या त्या गोदामाच्या जागी आता उंच इमारत आहे. तळमजल्यावर औषधांचं दुकान आहे. इतिवृत्ताची वही शाबूत आहे. परवाच जाऊन पाहून आलो. हल्लीचा सचिव मोबाइलवर बोलत बोलत कपाट उघडून बाजूला झाला. 'कायम' हा शब्द आणि अण्णासाहेबांची सही अजून ठळक आहे. मी विचारलं, जुन्या इतिवृत्तात दुरुस्ती करता येते का? तो हसला. म्हणाला, "काका, आता कोण वाचतंय?"

कार्ड माझ्या टेबलावर आहे. उजवीकडे पत्ता आहे, तिथे आता कोणी राहत नाही. डाव्या बाजूला एवढं लिहायचं होतं:

हमिदाबाई, इंगळ्यांसाठी तुम्ही मला विचारलं होतं. मी 'ठेवा' म्हणालो होतो. ते मला त्या दिवशीही आठवत होतं.